स्क्रू आवळलेला होता

दाजी, तुमच्या उजव्या भुवईवरची ती खूण घासायच्या मशीनमुळे झालेली नव्हती. ती मी केली. दुपारी चार वाजता, तुमच्याच कामाच्या खोलीत, तुम्ही स्टुलावर वाकून बसला होता तेव्हा. सहा वर्षं ही गोष्ट फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होती. तुम्ही जाऊन आज तेवीस दिवस झाले. आता ती एकट्या माझ्याकडे राहिली असती, म्हणून लिहून काढतो आहे.

दहाव्याच्या दिवशी तासाभरात तीन माणसांनी त्या खुणेची हकिगत सांगितली. पहिल्याने सांगितलं, कागदाची नळी उडून भुवईला लागली. दुसरा म्हणाला, नळी नव्हे, रबराचा गट्टूच सुटला. तिसऱ्याने तर अख्खी मशीन हातातून उडवून तुमच्या तोंडावर आणली. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं. एवढा हुशार मिस्त्री, पण नळी बदलली आणि स्क्रू आवळायचा विसरला. मी तेव्हा चहा वाटत होतो. बावीस कप होते. बावीसही वाटून झाले आणि मी काही बोललो नाही.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्या सगळ्यांनी यंत्रमाग पाहिलेला नसेल. धोटा म्हणजे सोळा इंची लाकडी होडी. दोन्ही टोकांना पोलादी चोच, पोटात सुताची कांडी. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून तो या बाजूहून त्या बाजूला मिनिटाला सव्वाशे वेळा फेकला जातो. वजन साडेचारशे ग्रॅम. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो, त्यामुळे त्याची मी खात्री करून घेतली होती आणि तुम्ही मला हसला होता. लाकूड एखाद्या जागी खरबरीत राहिलं तर धागा अडकतो, धोट्याची वाट चुकते आणि तो मागातून बाहेर सुटतो. सुटलेला धोटा कानाजवळून गेला की वाऱ्याचा फटका लागतो. कानालाच लागला तर काय होतं, ते सोलापुरात विचारायला लागत नाही.

असे झिजलेले, टवके उडालेले धोटे तुमच्याकडे यायचे. तुम्ही ते भरून, घासून परत पाठवायचा. बाहेरची बाजू हाताने कागद मारून होत असे, पण पोटात, जिथं कांडी बसते तिथं, हात जात नाही. त्यासाठी ती मुठीत मावणारी मशीन होती. पुढे अर्ध्या इंचाचा रबरी गट्टू, गट्टूवर घासायच्या कागदाची नळी. मी सुट्टीच्या दिवशी येऊ लागलो तेव्हा तीन वर्षं तुम्ही मला धोट्याला हात लावू दिला नाहीत. नळ्या बदलायचं काम दिलंत.

तेही पहिल्याच दिवशी चुकलं. नळी गट्टूच्या बाहेर केसभर राहिली होती. तुम्ही काही न बोलता माझ्या मनगटावर पान्याची दांडी मारलीत. मग तुम्ही नळी काढली, फुंकून भुकटी उडवली, नळी परत चढवून कड गट्टूशी जुळवलीत आणि स्क्रू आवळलात. स्क्रू आवळला की रबर दाबलं जाऊन फुगतं आणि आतून नळीला धरतं, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही म्हणाला होता, "आधी गट्टू, मग कागद, मग स्क्रू. आन मग बोटानं ओढून इचारायचं त्याला, ढिला हाईस का म्हणून." पुढच्या अकरा वर्षांत तुम्ही विचारल्याशिवाय मशीन सुरू केल्याचं मला आठवत नाही. घाईत नाही, तापात नाही, कारखानदार डोक्यावर उभा असतानाही नाही.

आपलं भांडण स्क्रूवरून कधी झालंच नाही. भांडण नळीवरून होतं.

माझा हिशेब असा होता की एका नळीत अकरा धोट्यांची पोटं होतात. बाराव्याला कागदावरची खर गेलेली असते. खर गेली की तुम्ही दाबायचा. तुमच्या दंडाच्या शिरा वर यायच्या, मशीनचा आवाज खाली बसायचा, लाकडातून धूर यायचा. मग पोटात तपकिरी डाग पडायचा. वरून हात फिरवला तर काचेसारखं लागायचं, पण त्या जळलेल्या थराखाली लाकडाचे केस उभे असायचे. आठ दिवस मागावर चालल्यावर तो थर सुटायचा आणि केस उघडे पडायचे. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं ते मात्र मोजलेलं नाही. तुमचं उत्तर ठरलेलं होतं: कागद गेला तर हात हाय की.

तुम्ही नळी उलटी करून घालायचा. खालची कड झिजते, वरची शाबूत असते, हे मला मान्य होतं. पण उलट्या नळीत आणखी अकरा होतात हे तुमचं म्हणणं मला मान्य नव्हतं. सात होतात. मी दाराच्या फळीवर खडूने रेघा ओढायचो आणि तुम्ही जाता येता कोपराने पुसायचा. साखर कारखान्यातले लोक मला काटेसाहेब म्हणतात हे माझ्या बहिणीने, अक्काने, तुम्हाला सांगितल्यापासून तुम्ही भर कामात ओरडायचा, "काटेसाहेब, आता कितवा?" मी आकडा सांगितला की हातातली वस्तू भिरकावायचा. एकदा तो रबरी गट्टू माझ्या चष्म्यावर बसला आणि डावी काच फुटली. डोळा वाचला, तो एका बोटाने. अक्का आतून ओरडत आली, तुम्ही तिच्यावरही ओरडलात. दुसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन काच बसवून आणलीत आणि चष्मा माझ्या भाकरीच्या ताटाशेजारी ठेवलात. मी तो घातला आणि जेवलो.

आणि एकदा नळी खरोखर फुटली होती. उलटी घातलेली, सांध्याला सैल झालेली. मशीन पूर्ण वेगात होती. मिनिटाला पंचवीस हजार फेरे, असं त्या मशीनवरच लिहिलेलं होतं. नळीची पट्टी सुटली आणि चाबकासारखी माझ्या बोटांवर बसली. दोन बोटांची सालं निघाली, पांढरं दिसायला लागलं. तुम्ही आधी मशीन बाकावर आपटलीत. मग मला थोबाडीत मारलीत, हात मधे का घातला म्हणून. मग माझा हात माठाच्या पाण्याखाली धरलात आणि स्वतःच्या पंच्याची पट्टी फाडून बांधलीत. तुमच्या घरात प्रेम या क्रमाने यायचं. मार आधी, पट्टी नंतर. त्याला मी सरावलो होतो. माझा स्वतःचा हात कधी उठेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही आमचे जावई. आई गेली तेव्हाही तुमच्या पाया पडूनच मी पुढचं विचारलं होतं. बहिणीच्या नवऱ्यावर हात टाकणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही.

ती खूण झाली त्या वेळी चाळीस धोट्यांचं काम होतं. चोवीस मागांचा एक कारखाना, मालकाला घाई. चाळीसपैकी पाच धोट्यांच्या पोटात मला डाग दिसले. मी त्या पाचांवर लाल पेन्सिलीने "नको" लिहिलं आणि वेगळे ठेवले. तुम्ही ते वाचून हसलात. परीक्षेचे पेपर तपासतोस का, म्हणालात. पुढच्या सुट्टीला मी आलो तर पाचही कारखान्यात गेलेले होते, पेन्सिलीच्या अक्षरांसकट.

मंगळवारी त्यातला एक सुटला. मागावर नरसय्या नावाचे कामगार होते. धोटा त्यांच्या जबड्यावर बसला. दोन दात तुटले, खालचा ओठ फाटून हनुवटीवर आला. अक्काने मला दोन वाजता साखर कारखान्यात फोन करून सांगितलं. मी अर्धी रजा टाकली. वाटेत मला एकच वस्तू दिसत होती, ती लाल पेन्सिल.

खोलीत आलो तेव्हा तुम्ही स्टुलावर होता. मशीन चालू होती. तुमच्या हातात तोच धोटा होता. एका चोचीच्या खाचेत रक्त वाळलेलं होतं. आणि तुम्ही बरोबर माझ्या अक्षरांवर नळी फिरवत होता. "न" गेला होता. "को" उरला होता. लाल भुकटी तुमच्या मांडीवर पडत होती.

मी विचारलं नाही, दाजी. काय करताय एवढे दोन शब्दसुद्धा नाही. बाकावर धोट्यांची रास होती, त्यातला वरचा उचलला आणि मारला. हाडावर पोलाद बसल्याचा आवाज लहान असतो. नारळ फोडताना पहिला, नीट न बसलेला घाव असतो तसा. तुमचं डोकं मागे गेलं, पुढे आलं, आणि डोळ्यावरून रक्ताचा पडदा उतरला. मी दुसऱ्यांदा हात उचलला होता. हेही लिहायला हवं. दुसरा घाव बसला नाही, कारण तुम्ही उठलात.

मशीन तुमच्या हातातून फरशीवर पडली. बटन चालूच होतं. ती गरगरत, उड्या मारत, बाकाच्या पायाला चावत, वायरीला गुंडाळत फिरत राहिली. गट्टू फरशीवर आपटत होता. पण नळी जागची हलली नाही. वायर तुटेल, रबर फाटेल, पण ती नळी सुटणार नव्हती, कारण ती तुम्ही बसवली होती. आणि ती नवी होती. ही गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि मेंदूपर्यंत पोचायला तिला सहा वर्षं लागली. तुम्ही मी न सांगता नवी नळी घातली होती.

तुम्ही माझा गळा धरलात. माझी पाठ भिंतीवर आपटली, खुंटीवरचं कॅलेंडर खाली आलं. तुमची ताकद माझ्या दुप्पट. तुमचं रक्त माझ्या शर्टाच्या खिशात, खिशातल्या पेनांवर पडत होतं. मला श्वास येत नव्हता आणि मी तुमच्या त्या एका उघड्या डोळ्यात बघत होतो. तुम्ही मला मारून टाकणार होता. ते तुमचं तुम्हालाही कळलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने अक्काचा आवाज आला, काय पडलं म्हणून.

तुम्ही हात काढलात. खाली वाकून मशीन बंद केलीत. मग पाना घेतलात आणि स्क्रू ढिला केलात. मी बघत होतो. दीड फेरा. नळी ओढून काढलीत आणि कोपऱ्यात फेकलीत. अक्का दारात आली तेव्हा तुम्ही भुवई दाबून धरली होती. तुम्ही तिला सांगितलंत, नळी उडाली, बदलल्यावर स्क्रू आवळायचा राहिला. ती छाती बडवत घराला कुलूप लावायला धावली. रिक्षात आपण दोघंच पुढे गेलो. पंचा रक्ताने जड झाला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझं मनगट असं आवळलंत की पाच बोटांचे निळे वळ नऊ दिवस राहिले.

"तिला म्हायेर म्हणून तू एकटाच हाईस," तुम्ही म्हणालात. "गप बस."

नऊ टाके पडले. डॉक्टरांनाही तुम्ही तेच सांगितलंत. आणि मी गप बसलो.

ते खोटं तुम्हाला किती लागलं, ते मी जवळून पाहिलं. कारखानदारांत ते फिरलं. ज्याला स्वतःचा स्क्रू आवळता येत नाही तो आमचे धोटे काय सांभाळणार, असं एक जण माझ्यासमोर बोलला. दोघांनी काम दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर लोक तुम्हाला विचारायचे, मिस्त्री, आज आवळून आलात ना? तुम्ही ग्लास संपवायचा आणि उठायचा. पूर्वीचे तुम्ही असता तर तो ग्लास विचारणाऱ्याच्या दातांवर बसला असता.

आणि अक्का. ती तर बायको होती, तिला भीती बसली होती. तुम्ही खोलीकडे निघालात की चुलीपाशी बसूनच ती विचारायची, स्क्रू आवळला का बघा. पाहुणे असोत, मी असो. काही दिवस भीतीने, मग सवयीने, मग तुमच्यावर राग असेल तेव्हा टोचायला म्हणून. तुमचं उत्तर एकच. व्हय, आवळला. सहा वर्षं. मी भाऊबीजेला येत राहिलो, ओवाळून घेत राहिलो. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं की माझी नजर तुमच्या कपाळावर जायची आणि तुमची खिडकीबाहेर.

खोलीत मी नळ्या बदलत राहिलो. खडूच्या रेघा बंद झाल्या. तुम्ही अकरा झाले की नळी स्वतःहून पुढे करायचा आणि मी नवी बसवून द्यायचो. भांडणच उरलं नाही. तुम्ही एकदा तरी गट्टू फेकून मारावा असं मला वाटायचं.

खरं लिहायचं ठरवलंय, तर हेही लिहितो. मला पश्चात्ताप होता, पण त्याच्या जोडीला एक हिशेबही होता. त्यामुळे मला झोप लागत होती. मला वाटायचं, तुम्ही त्या दिवशी पुरावा पुसत होता. एका माणसाचे दात गेले आणि तुम्ही माझं "नको" पुसून मोकळे होणार होता. तुम्ही माझं झाकलंत, मी तुमचं झाकलं. दोन्ही पारडी सारखी. काट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी अक्काने मला बोलावलं. ती तुमच्या खोलीत उभी होती. मशीन बाकावर ठेवली होती आणि अक्काच्या हातात हातोडी होती. हिनं त्यांचं नाव घालवलं, ती म्हणाली, भंगारात द्यायच्या आधी हिचा चुरा करणार. तिने हातोडी उचलली. मी मधे हात घातला.

"अक्का, मशीननं काय केलं न्हाय," मी म्हणालो. "धोटा मी मारला."

तिला कळलं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. पेन्सिल, फोन, कोणत्या हाताने, कुठं, दुसऱ्यांदा हात उचलला तेही. तुम्ही दीड फेरा स्क्रू ढिला केलात तेही. ती ऐकत असताना हातोडी तिच्या हातातच होती, आणि दाजी, मला वाटलं आता बसणार. तिने ती फरशीवर टाकली. फरशीचा कोपरा उडाला. मग ती हातांनी सुटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही. तिने मला मुठींनी मारलं, चपलेने मारलं, केस धरून डोकं बाकावर आपटलं. माझा ओठ फुटला. मी हात वर केला नाही. ती रडत नव्हती. दहाव्याला रडली होती, तशी एकदाही नाही.

मी तुम्हाला मारलं म्हणून ती मारत होती असं मला आधी वाटलं. मग ती बोलली.

"सा वरसं मी त्यास्नी रोज इचारलं, स्क्रू आवळला का म्हणून," ती म्हणाली. "आन तू तितं बसून ऐकत हुतास."

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. मग तिने विचारलं, ही स्क्रूची गोष्ट कुणाकुणाच्या कारखान्यात गेली. मी आठवून सात नावं सांगितली. उद्या सकाळी साडेआठला ये, ती म्हणाली.

सकाळी चुलत जाऊ दारात आडवी झाली. महिना झाला नाही, बाईमाणूस बाहेर कुठं निघाली, लोक काय म्हणतील. अक्काने तिला हाताने बाजूला केलं आणि चपला घातल्या. पहिलं नाव त्याच चोवीस मागांच्या कारखान्याचं होतं. ते तिनेच पहिलं घेतलं.

आत चोवीसही माग चालू होते. तुम्हाला तो आवाज माहीत आहे. तो कानांत नाही, दातांत ऐकू येतो. मालक पुढे आले, अक्काला नमस्कार केला. अक्काने माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हणालो, दाजींच्या कपाळाचं मी केलं. त्यांनी कानाला हात लावला. मी मोठ्याने म्हणालो. त्यांनी परत कान पुढे केला. तिसऱ्यांदा मी छाती फाटेल असा ओरडलो, मी मारलं त्यांना, स्क्रू आवळलेला होता. जवळच्या मागावरचा माणूस वळून बघायला लागला. त्याने माग बंद केला. मग पलीकडच्याने. एकेक करत चोवीस माग थांबले. एवढी शांतता त्या पत्र्याखाली कधी झाली नसेल. त्या शांततेत मला तेच चौथ्यांदा, साध्या आवाजात सांगावं लागलं. चौथी वेळ सगळ्यांत कठीण गेली.

दुसऱ्या रांगेतून नरसय्या पुढे आले. खालचा ओठ अजून वाकडा आहे. बोलताना हवा जाते.

"मिस्त्री त्या दिवशी दवाखान्यात आलते," ते मला म्हणाले. "साडेअकराला. माज्या तोंडात कापूस होता, मला बोलता येईना. ते खाटेजवळ उभं राहिले. बोलले, धोटा माज्या हातून वाईट गेला. मेवणा नको म्हणत होता, मीच आयकलं नाही."

अक्काने मला धरलं नाही, पण मी पडेन असं तिला वाटलं असावं, कारण ती जवळ सरकली.

"बोलले, तोच धोटा आज नव्या कागदावर घासतो," नरसय्या पुढे म्हणाले. "सगळा, आतून बाहेरून. मग तुज्या मागावर लावू. तू जितं होतास तितं मी उभा राहणार. सुटला तर मला लागूदे. मी संध्याकाळी वाट बगितली. मग कळलं, मशीन लागली."

साडेअकरा आणि चार. मधले साडेचार तास तुम्ही काय केलंत ते आता मला माहीत आहे. दवाखान्यातून कारखान्यात गेलात, तो धोटा मागून घेतलात, घरी आणलात, नवी नळी बसवलीत, बोटाने ओढून बघितलीत. बाहेरची बाजूही मशीननेच घासताना वाटेत माझी अक्षरं आली. तुम्ही माझं म्हणणं पुसत नव्हता. तुम्ही ते करत होता.

माझं दुसरं पारडं तिथंच रिकामं झालं, दाजी. त्यात कधी काही नव्हतंच. तुम्ही मला हे नंतर का सांगितलं नाहीत, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो तिथंच सोडला. सहा वर्षांत मी तुम्हाला विचारलं नव्हतं.

अक्काने नरसय्यांना विचारलं, ते कुठं उभे राहणार होते. त्यांनी दोन मागांच्या मधली जागा दाखवली. धोटा ज्या पेटीत येऊन आदळतो, तिच्या बरोबर समोर. अक्का त्या जागेकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तू तितं उभा ऱ्हा." नरसय्यांना म्हणाली, "चालू करा."

मालक नको नको म्हणाले. नरसय्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जाऊन उभा राहिलो. कमरेच्या उंचीला धोट्याची वाट होती, तिथून सुटलेला धोटा जबड्यापर्यंत उसळतो. त्यांनी दांडा ओढला. धोटा निघाला, माझ्याकडे आला, पेटीत आदळला, परत गेला, परत आला. प्रत्येक आदळण्याला माझे दात एकमेकांवर बसत होते. मिनिटाला सव्वाशे. मी सवयीने मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजलं, पुढचं मोजता आलं नाही. डोळे मिटले नाहीत एवढंच सांगू शकतो. अक्का पलीकडे उभी होती आणि ती धोट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

तिने हात वर केला तेव्हा नरसय्यांनी माग थांबवला. मी मागांच्या मधून बाहेर आलो. ती तोवर दाराशी पोचली होती.

"किती राहिले?" तिने न वळता विचारलं.

"सहा," मी म्हणालो.

"चल."